काळ्या गोजीचं शेवटचं फूल

हिरव्यागार टेकडीच्या पायथ्याशी, सोनचाफ्याच्या रानाला लागून एक इवलंसं घर होतं. घर कसलं, मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. त्यात वेणू आणि तिची आई राहायची. आई गोधड्या शिवायची. लाल, पिवळ्या, निळ्या चिंध्या जोडून ती अशी गोधडी करायची की पांघरणाऱ्याला स्वप्नंसुद्धा रंगीत पडावीत. पण हळूहळू आईचे डोळे अंधुक झाले. आधी सुईचं नाकं दिसेना, मग रंग कळेनात, मग वेणूचा चेहराही धुक्यात गेल्यासारखा झाला. वेणू सुई ओवून द्यायची, कुठली चिंधी कुठल्या रंगाची ते सांगायची आणि आई अंदाजाने टाके घालायची. सुई टोचून टोचून तिच्या बोटांवर लाल टिपके पडले होते. वेणूला ते बघवत नसे.

शेजारी मथूकाकूंचं मोठं चिरेबंदी घर होतं. त्यांच्या बागेत गुलाब होते, मोगरा होता, केशरी अबोली होती. पण मथूकाकू स्वतःच्या फुलांना हात लावायच्या नाहीत. झाडावर शोभतात म्हणे! पहाट झाली की एका हातात परडी, दुसऱ्या हातात फांद्या ओढायची आकडी घेऊन त्या निघायच्या आणि लोकांच्या कुंपणावरची फुलं ओरबाडून आणायच्या. कुणी हटकलं तर देवपूजेचं नाव सांगायच्या. मला अशा माणसांचा भारी राग येतो. देवाला फूल वाहायचं तर ते आपल्या झाडाचं नको का? पण त्यांना कोण बोलणार? वेणूची आई तर मुळीच बोलायची नाही, कारण गोधड्यांचं काम मथूकाकूंकडूनच यायचं.

एका सकाळी वेणू रानात काटक्या वेचत होती. वाटेवर जास्वंदीचं एक लाल फूल पडलं होतं. ते मथूकाकूंच्या परडीतून निसटलं असणार. वेणूने ते उचललं, तर आतून कुणीतरी तिच्या बोटाला चिमटा काढला.

फुलात एक परी होती! अंगठ्याएवढी, पिटुकली. जांभळा घागरा, त्यावर दवाच्या टिकल्या, मधमाशीच्या पंखांसारखे पारदर्शक पंख. त्यातला एक पंख चुरगळला होता आणि परी रागाने नुसती लाल झाली होती. आपण झोपलो असताना कुणीतरी आपलं घर तोडून परडीत फेकलं, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. वेणूने तिला सावलीत नेलं, ओंजळीतलं पाणी पाजलं, आपल्या न्याहारीचा गुळाचा खडा दिला आणि हलक्या फुंकरीने तिचा पंख सरळ केला. त्या दिवशी वेणूची भाकरी कोरडीच गेली.

परीचा राग थोडा उतरला. तिने घागऱ्याच्या ओच्यातून एक सुकलेलं, सुरकुतलेलं काळं फळ काढलं. दिसायला लहानशी मनुकाच.

"ही काळी गोजी. लांबच्या डोंगरातली. हिच्यात बारीक बिया आहेत, त्या तुझ्या हाताने लाव. पहिलं फळ पाण्यात सोड, ते तुझी एक इच्छा पुरी करील. पण नियम आहेत हं. कुणाचं वाईट मागितलंस तर फळाची राख होईल. आणि मनात एक, ओठांवर एक असं करणाऱ्याच्या झाडाला फळच धरत नाही."

एवढं बोलून ती एका पांढऱ्या फुलपाखरावर बसली आणि भुर्रकन निघून गेली.

वेणूने काय मागायचं ते तिथेच ठरवलं. आईचे डोळे.

घरी येऊन तिने फळ कोमट पाण्यात भिजत घातलं. सकाळी ते टपोरं फुगलं होतं. कुस्करल्यावर मिरचीच्या बियांसारख्या, पण त्याहून चिमुकल्या बिया निघाल्या. फुटक्या माठाचं बूड घेऊन तिने त्याला खाली भोक पाडलं, म्हणजे पाणी साचू नये. चाळलेली माती भरली, बिया वर पसरल्या आणि त्यांच्यावर चिमूट चिमूट माती भुरभुरली. पाणी ओतलं असतं तर बिया वाहून गेल्या असत्या, म्हणून ती बोटं भिजवून नुसतं शिंपडायची. कितीतरी सकाळी काहीच दिसलं नाही. मग एकदा मातीतून हिरवे, नाजूक कोंब उगवले. त्यातला सगळ्यात धीट कोंब वेणूने वाढवला.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली. वेणूने वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी उन्हं कोवळी झाली आणि झाडावर जांभळ्या चांदण्या फुलल्या! टिकलीएवढ्या, पाच पाकळ्यांच्या, मधे पिवळट तुरे. वेणू त्यांच्याभोवती गिरक्या घेत नाचली. या फुलांमागेच फळं धरणार होती.

दुसऱ्या दिवशी सगळी फुलं गायब.

मथूकाकूंच्या देव्हाऱ्यात जांभळी नक्षी मांडली होती. वेणू दारात उभी राहिली. तिला फार राग आला होता, पण आईचं काम आठवलं. काकूंनी विचारलं, तोंड का पाडलंस ग, फुलांचं वाईट वाटलं का? वेणू म्हणाली, "नाही काकू. काही नाही."

परत आली तर गोजीचं एक पान पिवळं पडलं होतं.

पुन्हा कळ्या आल्या, पुन्हा फुलल्या, पुन्हा परडीत गेल्या. आई म्हणायची, असू दे बाळा, देवालाच वाहिली ना? वेणू मान हलवायची. काकू भेटल्या की खोटं हसायची. प्रत्येक खोट्या हसण्याला एक पान गळायचं. झाड काटकुळं झालं, आणि एक दिवस त्यावर एकच फूल उरलं. पानाआड दडलेलं, शेवटचं.

तेव्हा वेणूला परीचा दुसरा नियम आठवला. आपण फार गुणी वागतोय असं तिला वाटत होतं. ती तर रोज खोटं बोलत होती.

त्या पहाटे मथूकाकू आल्या, तेव्हा वेणू झाडापुढे हात पसरून उभी होती. तिच्या नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता.

"हे फूल तोडायचं नाही, काकू. मला राग आलाय. पहिल्या दिवसापासून आलाय. तुमची बाग फुलांनी भरली आहे, ती वाहा देवाला. हे झाड मी बी लावून वाढवलंय. याच्या फळाची माझ्या आईला गरज आहे."

मथूकाकूंची आकडी वरच्या वर राहिली. एवढीशी पोर आपल्याला बोलते! यापुढे या घरात एकही गोधडी शिवायला येणार नाही, असं ठणकावून त्या पाय आपटत निघून गेल्या. आईने दारातून सगळं ऐकलं. ती पुढे आली आणि वेणूच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

पण झाडाला नवी पालवी फुटली! शेवटच्या फुलामागे हिरवा मणी धरला. तो फुगला, गडद झाला आणि काळ्या मोत्यासारखा चमकू लागला. चिमटीत धरलं तर फळ फुटेल, म्हणून वेणूने खाली फडकं धरून फांदी हलकेच हलवली. टप!

तिने ते फळ वाटीभर पाण्यात सोडलं. पाणी निळं झालं, मग जांभळं, मग मोरपंखी. वेणूच्या मनात अजून राग धुमसत होता. काकूंची बाग वाळून जावी, एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द अगदी जिभेवर आले. तेवढ्यात मागे आई कळवळली. रिकामं बसवेना म्हणून ती घरचीच फाटकी गोधडी सांधत होती आणि सुई पुन्हा बोटात गेली होती.

"माझ्या आईला दिसू दे," वेणू मोठ्याने म्हणाली.

वाटीतून प्रकाशाचं कारंजं उडालं! त्यात जांभळ्या घागऱ्याची परी तरंगत होती. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तू चांगली आहेस म्हणून गप्पच बसशील. चांगल्या मुलांना रागही येतो, वेणू. तुझा राग फूल राखायला उभा राहिला, कुणाला जाळायला नाही. म्हणून फळ मिळालं."

मग ती स्वतःभोवती गर्रकन फिरली, सोनेरी झाली, चंदेरी झाली आणि उजेडात विरघळून गेली. जाता जाता तिने मथूकाकूंच्या परडीत खाजकुयलीची एक शेंग टाकली म्हणतात. टाकली असेल तर बरंच केलं.

घरात उजेड निवला. आईने हातातली सुई उचलली, दोरा घेतला आणि एका झटक्यात ओवला. मग तिने मान वर केली. वेणूकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "रागावलीस की तुझ्या नाकाचा शेंडा अजून तसाच लाल होतो."