नरहरशेटचं मीठ

खाडीकाठी एका कोळीवाड्याशेजारी नरहरशेट नावाचा मिठाचा व्यापारी राहत असे. त्याचं स्वतःचं मिठागर होतं. खाडीपलीकडे आणखी एक मिठागर होतं, त्यामुळे दोन्हीकडे भाव बेताचाच राही.

एका वैशाखात मोठ्या उधाणाने पलीकडच्या मिठागराचा बांध फुटला आणि तिथलं तयार मीठ वाहून गेलं. आता त्या टापूत मीठ उरलं ते एकट्या नरहरशेटकडे. नेमके तेच दिवस मासळी खारवण्याचे. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नसत. तेव्हा ही खारी मासळी विकूनच कोळ्यांची चूल पेटत असे.

शेटने भाव दुप्पट केला. कोळणी कुरकुरल्या, पण मीठ घेऊन गेल्या. शेटला वाटलं, मासळी काही थांबत नाही. आपण मागू तो भाव यांना द्यावाच लागणार. त्याने भाव चौपट केला.

चांगुणा नावाची वयस्कर कोळीण वर्षानुवर्षं त्याच्याकडून मीठ नेई. ती येऊन त्याच्या ओटीवर बसली. एवढं महाग मीठ लावून मासळी विकली तर हाती काहीच राहत नाही, असं तिने त्याला शांतपणे समजावून सांगितलं.

शेट म्हणाला, "चांगुणाबाई, माल माझा, गरज तुमची. उद्या भाव आणखी चढेल."

ती उठली आणि रिकामी पाटी घेऊन निघून गेली.

त्यानंतर कुणीच फिरकलं नाही. शेट मात्र निश्चिंत होता. हा हट्ट फार टिकायचा नाही, असं म्हणत त्याने जादा मजूर लावून आणखी मीठ काढलं. कोठार भरलं, उरलेल्या मिठाच्या राशी काठावर उघड्यावर उभ्या राहिल्या.

मग आभाळ भरून येऊ लागलं. शेटच्या मनात चलबिचल झाली. दुप्पट भावाने देऊन उपकार करावेत, अशा विचाराने तो स्वतः कोळीवाड्यात गेला आणि किनाऱ्यावर पाऊल टाकताच जागीच खिळला.

होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या होत्या. जाळी गुंडाळून ठेवली होती. मासळी खारवायची पिंपं पालथी पडली होती.

चांगुणा दारात सुके बोंबील निवडत होती. शेटने तिला विचारलं, "मासळी खारवून झाली? मग मीठ आणलंत तरी कुठून?"

"खारवायला मासळी धरलीच नाही, शेट. मीठ परवडेना, तेव्हा ताजी खपेल तेवढ्यापुरतीच जाळी टाकली. बोंबील तेवढे उन्हात सुकवले."

पावसाळ्याची बेगमी झाली नाही म्हणून बऱ्याच घरचे पुरुष शहरात मजुरीला गेल्याचंही तिने सांगितलं. त्यातले किती परततील, पुढच्या वर्षी किती होड्या निघतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेट खालीच बसला. "जुन्या भावाने देतो," तो पुटपुटला.

चांगुणाने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "आता फुकट दिलंत, तरी लावू कशाला?"

त्याच आठवड्यात पाऊस लागला. काठावरच्या राशी खचत खचत खाडीत उतरल्या, आणि शेट दारात उभा राहून नुसता बघत राहिला.

तात्पर्य: माल कमी असला की भाव चढतो, पण गिऱ्हाईक जगेनासं होईल इतका तो चढवला, तर मागणीच मरते आणि मग ढीगभर मालालाही मोल उरत नाही.