अधिकातला नारायण आणि चार इंची ग्राइंडर

एका गावात एक भोळा जावई होता. गाव त्याचं नव्हतं, सासऱ्याचं होतं. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला म्हणून आला, जेवला, आणि राहिला. नाव बाळकिसन. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ, आणि डोक्याचं म्हणाल तर ते टोपी ठेवायच्या कामी येत होतं.

सासरे केरबा लोहार. घराला लागूनच त्यांचं दारं, खिडक्या, ग्रिल करायचं वर्कशॉप. समोरच्या शाळेचं लोखंडी गेट त्यांनी करायला घेतलं होतं. सरपंच सांगून गेले होते, "केरबा, अमावस्येला सोमवारी उद्घाटन. गेट उभं राहिलं तर बाजारतळाचं सगळं काम तुझं. नाहीतर शेजारच्या गावातही कारागीर आहेत." केरबांची तीस वर्षांची अब्रू त्या गेटाला टांगलेली होती.

माणूस कमी, म्हणून त्यांनी जावयाला हाताशी घेतलं. आता अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला ओरडायचं नाही, खुळा म्हणायचं नाही, घरी जा तर अजिबात म्हणायचं नाही. फार तर एखादं वाक्य सांगायचं, तेही अहो-जाहो करून. सगळा घोळ तिथंच झाला.

पहिल्या दिवशी बाळकिसननं लोखंड कापायच्या ग्राइंडरची चकती बदलायला घेतली. वायर बोर्डात तशीच. पाना फिरवता फिरवता अंगठा बटणावर पडला. मशीन उसळलं आणि केरबांच्या लेंग्याचा अर्धा पाय घेऊन गेलं. आतला पाय वाचला, ती वाडवडिलांची पुण्याई.

"चुकलं, मामा. काय करायला हवं होतं?"

केरबांनी राग गिळला. "हात लावायच्या आधी प्लग काढायचा, जावईबापू."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मामींनी त्याला डेअरीतून दुधाची किटली आणायला पाठवलं. किटली भरून ठेवलेलीच होती. पण हात लावायच्या आधी प्लग काढायचा. बाळकिसननं प्लग शोधला. भिंतीपाशी सापडला. दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीचा होता तो. काढला, मग किटली उचलली आणि समाधानानं घरी आला. दुपारपर्यंत अख्ख्या गावाचं दूध नासलं. केरबा डेअरीच्या चेअरमनपुढं हात जोडून उभे राहिले. चेअरमन वयानं त्यांच्या धाकट्या भावापेक्षा लहान होता.

"चुकलं, मामा. काय करायला हवं होतं?"

"चालू असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. गॉगल घालायचा आणि लांब उभं राहून बघायचं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी मामी त्याच्याच वाणाचे अनारसे तळत होत्या. घाणा कढईत सोडला आणि म्हणाल्या, "एवढं बघा हं, मी पाण्याचा नळ बंद करून आले." गॅस चालू होता. बाळकिसननं गॉगल चढवला, उंबऱ्यापलीकडं उभा राहिला आणि बघितलं. अनारसे तांबूस झाले. मग काळे झाले. मग कढईनं पेट घेतला. मामी धावत आल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पेटलंय, मामी. मघापासून."

मामींनी कढईवर झाकण टाकून गॅस बंद केला आणि पदर तोंडात कोंबला. बोलणार काय? नारायण उभा होता, गॉगल घालून.

"चुकलं, मामा. काय करायला हवं होतं?"

"नुसतं बघत बसायचं नाही, जावईबापू. अडलं की डोकं चालवायचं."

हे वाक्य ज्याला सांगू नये त्यालाच केरबांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी बाळकिसननं बाजारातून लाकूड कापायची सात इंची दातेरी चकती आणली. सोबत एक जोड. "हा लावला की कुठल्याही मशीनला काहीही बसतं," असं विकणारा म्हणाला होता, आणि विकणारे खोटं कशाला बोलतील? ग्राइंडर चार इंची. जोड बसला, पण चकती गार्डला, म्हणजे बोटं वाचवायच्या लोखंडी झाकणाला, अडली. अडलं की डोकं चालवायचं. बाळकिसननं गार्ड काढून टाकला.

बटण दाबलं. चकतीला तो वेग सोसला नाही. तिचे दोन तुकडे झाले. एक पत्र्यातून आभाळात गेला, दुसरा बाळकिसनच्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतला.

केरबांनी आधी प्लग काढला. "माझ्या पोरीचं, इंदूचं कुंकू गेलं असतं हो आज," एवढंच बोलले, आणि खरंच रडले. मग डोळे पुसून त्यांनी महिन्यात पहिल्यांदा नीट, तासभर समजावलं. "गार्ड काढायचा नाही. मशीनच्या मापाची, मशीनला सोसेल तीच चकती. लोखंडाला लोखंडाची. असला उपरा जोड नाही. गॉगल पाहिजे, अंगाला सैल कापड नको. आणि कामासाठी वरून जे काही बसवलं, ते काम झालं की काढून, पुसून, डब्यात ठेवायचं."

"बरं," बाळकिसन म्हणाला आणि सगळं पाठ केलं. अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

रविवारी गेट खांबांना लागलं. दोन्ही पाखं बोटानं ढकलली तरी फिरत होती. केरबांच्या जिवात जीव आला. "मी सरपंचांना सांगून येतो. तुम्ही तेवढं आवरून या, जावईबापू."

सोमवारी मंडप, नारळ, हार, लाउडस्पीकर. सरपंचांनी फीत कापली, कडी काढली आणि गेट ढकललं. गेट उघडलं नाही. आडवं झालं. दोन्ही पाखं, एकदम. सरपंच मागं उडी मारून वाचले, हारांचं टेबल वाचलं नाही. धूळ बसल्यावर सरपंच एवढंच म्हणाले, "शेजारच्या गावचा तो कारागीर कोण रे?"

केरबा खांबापाशी गेले. बिजागऱ्या नव्हत्या; पाखं रात्रभर नुसती कडीच्या आधारानं खांबांमध्ये टेकून उभी होती. जिथं होत्या तिथं काप इतका सरळ, इतका स्वच्छ, की तीस वर्षांत त्यांच्या हातूनही झाला नसता.

बाळकिसन छाती काढून उभा होता. "मामा, गॉगल होता. गार्ड होता. चकती मापाची. बदलताना प्लग काढला होता. हे बघा, बोटं दहाच्या दहा. काम झालं, म्हणून वरून बसवलेलं काढलं. पुसून डब्यात ठेवलंय. आठच्या आठ."

केरबांनी बोटांवर मोजलं. "गेटाला चारच होत्या, जावईबापू."

"हो ना. बाकीच्या चार आपल्या घराच्या दाराच्या. सकाळी तुम्ही सगळे इकडं आलात, तेव्हा वेळ होता. तेही काम कधीचंच झालं होतं."

केरबांनी वळून बघितलं. अधिकाचा शेवटचा दिवस म्हणून जावयाला ओवाळायचं ताट आणायला मामी घरी निघाल्या होत्या. त्यांनी कडी काढली होती आणि दाराला हात लावला होता.