नदीला शिव्या देणारे बेट

एका राज्यात नदीच्या पोटात एक बेट होते, आणि त्या बेटावर कमळजेच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नदी रोज काठाचा एक घास खात होती. काल गोठा गेला. उद्या घर गेले, तर इवल्याशा लेकीला, ठकूला, कडेवर घेऊन जायचे कुठे?

शेजारीपाजारी मात्र निवांत घोरत होते. तिला संताप येई तो याचाच.

बेटाची कूळकथा अशी. पूर्वी नदी सरळ वाहत असे. एकदा ती एका बाळंतिणीच्या खोपटात शिरली. बाईने तिला असे खडसावले, की नदी शरमून दुभंगली आणि दोन बाजूंनी निघून गेली. मधे उरले ते बेट. तेव्हापासून रीत पडली. पूर चढला की लेकुरवाळ्यांनी काठावर उभे राहून नदीला मनसोक्त शिव्या द्यायच्या, आणि पाणी ओसरले की खणानारळाने तिची ओटी भरायची. नदी ऐकत असे.

पण त्या आरड्याओरड्याने राजाची दुपारची झोप मोडू लागली. त्याने मौनभट नावाचा मांत्रिक धाडला. मौनभटाने बेटाला सोन्याचा कलश दिला आणि बदल्यात सगळ्यांचा राग काढून त्यातच कोंडला. कलश काठावरच्या देवळात बसला. बेट गोड गोड बोलू लागले.

कमळजा त्यानंतर लग्न होऊन आली, म्हणून तिचा राग तिच्यापाशीच राहिला. पण ती पैलतीरी शाळेत शिकलेली. राग आला की आधी स्वतःलाच विचारी, 'मीच आगाऊ तर नाही ना?'

"आबा, तुमचं अंगण वाहून गेलं!" ती गावच्या पाटलाला म्हणाली.

"असू दे, सूनबाई. नदीलाही जागा लागतेच की."

तेव्हा काठावरची टिटवी बोलली, "कलश उघडव. त्यासाठी मौनभट तीन कामे सांगेल."

ठकूला घेऊन कमळजा देवळात गेली. मौनभट कलशाला टेकून बसला होता.

"वाळूचा दोर वळ."

तिने ओल्या वाळूत आपले केस घालून दोर वळला.

"चाळणीतून नदी आण."

तिने गाळाने भोके लिंपली आणि नदी आणली.

"आता वाक, आणि म्हण, महाराजांची आमच्यावर मोठी कृपा झाली."

कमळजा वाकलीसुद्धा. शिकलेली माणसे चटकन वाकतात. एवढ्यात देवळाची पायरी खचली आणि पायरीवर बसलेली ठकू पाण्याकडे घसरली. कमळजेने झेप घेऊन तिचे मनगट धरले, वर ओढले आणि ती वळली.

"कृपा? लेकराच्या पायाखालची जमीन काढायची, हातात सोन्याचं भांडं द्यायचं, आणि वर मीच वाकायचं? तुझ्या राजाच्या उशाशी पाणी येऊ दे मेल्या, मग बघते कोण झोपतं ते!"

कलश उभा तडकला. ज्याचा राग त्याच्याकडे परत गेला. पहिले आबाच गरजले, "अरे, माझं अंगण!" बाया काठावर धावल्या.

"भवाने, दोन-दोन वाटा दिल्यात ना तुला? मग आमच्या उंबऱ्यात कशाला मरायला येतेस?"

नदी थबकली, शरमली, आणि गिळलेली जमीन टाकून दोन्ही वाटांनी निघून गेली. मौनभटाची वाचा बसली. राजाने दुपारची झोप सोडली, आणि राज्याचा कारभार बराच सुधारला.

संध्याकाळी ओटी भरताना कमळजेला नवीच धास्ती पडली. पोरीने आज काय काय ऐकले! ती हळूच म्हणाली, "ठकू, आता नदीशी गोड बोलायचं हं."

ठकू कमरेवर हात ठेवून पाण्यापाशी गेली.

"ये परत," ती म्हणाली. "पण पाय पुसून ये."