साक्षीचा ओंडका

डोंगर जिथे संपतो आणि माळ जिथे सुरू होतो, अशा एका गावात फार पूर्वी एक तरुण कुंभारीण राहायची. चाक फिरवायला ती दूर राजधानीत शिकली होती. तिच्या हातचा रांजण इतका गोल उतरायचा, की गावातले म्हातारे कुंभार त्याभोवती एक फेरी मारायचे आणि मान डोलवत घरी जायचे.

गावापुढचा माळ पाच कोसांचा होता. तिथे ना झाड, ना विहीर. दर उन्हाळ्यात त्या वाटेवर कोणी ना कोणी घेरी येऊन पडायचंच. मागच्या वैशाखात एक म्हातारा कासार वेशीपासून हाकेच्या अंतरावर पडला, तो पुन्हा उठला नाही. त्याच्या पेटीतली एकही बांगडी फुटली नव्हती. ते पाहून कुंभारणीने देवळात सगळ्यांसमोर शब्द दिला, "येत्या गुढीपाडव्याला या माळावर वीस रांजण उभे असतील. दर पाव कोसाला एक."

गाव म्हणालं, "रांजण तू दे पोरी, पाणी आम्ही भरू."

पावसाळा सरला तसे तिने वीस रांजण घडवले आणि सावलीत वाळवले. आता राहिलं भाजणं. एवढ्या जाड रांजणांना जाळही तेवढाच मोठा हवा.

दिवाळी झाली की डोंगरातले लाकूडतोडे गाड्या घेऊन नदीकाठी उतरत. त्या बाजाराची एक रीत होती. न फोडलेलं लाकूड घ्यायचं असेल, तर घेणाऱ्याने गाडीतला एक ओंडका स्वतः निवडायचा आणि चारचौघांसमोर स्वतःच्या कुऱ्हाडीने फोडायचा. त्याला म्हणायचे साक्षीचा ओंडका. तो आतून जसा निघेल, तसं सगळं लाकूड धरायचं. मागाहून तक्रार चालायची नाही.

कुंभारणीने आजवर लाकूड कधी विकत घेतलं नव्हतं. राजधानीत फोडलेलं, वाळलेलं सरपण कोणीतरी भट्टीपाशी आणून रचायचं. ते कुठून येतं, हे विचारायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

एका लाकूडतोड्याच्या सहा गाड्या काठोकाठ भरल्या होत्या. ओंडके चांगले मांडीएवढे जाड, साल तुकतुकीत. भावही कमी.

"ओली आहेत बरं का बाई," लाकूडतोड्या आपणहून म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी तोडलीत. लपवत नाही."

तिने एक ओंडका उचलून पाहिला. उचलेना. "जड आहे. म्हणजे दमदार आहे."

"जड आहे खरं," तो म्हणाला. "कशानं जड आहे, ते तुमचं तुम्ही बघा."

तिने सगळ्या ढिगातून सर्वांत सरळ ओंडका निवडला आणि घाव घातला. एकाच घावात त्याची दोन शकलं झाली. आत गुलाबीसर लाकूड, एक गाठ नाही, आणि वास असा की बघणारे दोन पावलं पुढे आले.

शेजारच्या गाडीवर गावची आचारीण लाकडं चाचपत होती. चाळीस वर्षं गावजेवणं रांधलेली बाई. सगळे तिला आत्या म्हणत. ती कुंभारणीकडे बघून म्हणाली, "सून बघायला गेलीस आणि दागिने बघून आलीस."

लोक हसले. कुंभारीणही हसली. "मग कोणता निवडायचा होता, आत्या?"

"तो, खाली तोंड वाकडं करून बसलाय तो. साक्षीदार भांडखोर असावा, तरच खरं बोलतो."

"तुमचं काम चुलीचं आत्या, माझं भट्टीचं," कुंभारीण म्हणाली आणि सहाच्या सहा गाड्या घेऊन घरी आली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिने भट्टी लावली. जाळ धरेचना. ओंडक्यांच्या टोकांतून फेस येऊ लागला, पाणी सूं सूं करत बाहेर पडू लागलं. धूर असा, की शेजारणी मुलं घेऊन नदीवर जाऊन बसल्या. तीन गाड्या लाकूड खाऊनही भट्टीला लाली चढली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भट्टी उघडली, तेव्हा रांजण काळेठिक्कर पडले होते. पहिल्यात पाणी ओतलं, तर थोड्याच वेळात तळ चिखल होऊन तिच्या पायावर बसला. विसातला एकही टिकला नाही.

ती आचारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आत्या, त्या माणसाने मला वाईट लाकूड दिलं."

आचारीण तांदूळ निवडत होती. "त्याने तुला ओलं लाकूड दिलं, आणि ओलं म्हणून सांगून दिलं. वाईट कुठे दिलं? चल, दाखव."

अंगणात तीन गाड्यांचे ओंडके उरले होते. आचारणीने दोन ओंडके एकमेकांवर आपटले. बद्द असा आवाज आला, जसा भिजल्या उशीवर थाप मारावी. "ऐकलंस? आत पाणी बसलंय. आता तो वाकडा काढ."

वाकडा ओंडका नुसत्या कुऱ्हाडीला दाद देईना. पाचर ठोकली, घण मारला, कुंभारणीच्या हातांना फोड आले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे तो करकरत उघडला, आणि ती बघतच राहिली.

आत, गाठीभोवती, वर्तुळात वर्तुळं होती. भोवरा उठून जागच्या जागी थिजावा, तशी. लाकडाच्या लांब रेषा गाठीपाशी येऊन वळल्या होत्या, ओढा खडकाला वळसा घालतो तशा. लाकूड ओलं चकाकत होतं.

"एकेक रेघ म्हणजे एकेक वर्ष," आचारीण हळूच म्हणाली. तिचं बोट एका जागी थांबलं. तिथल्या दोन रेघा केसाएवढ्या बारीक होत्या. "हे दुष्काळाचं साल असावं, आणि हे त्याच्या पुढचं. तरी झाडाने ती दोन वर्षं काढली. आणि ही गाठ बघ. इथे फांदी मोडली असेल, तर झाडाने तिला पोटात घेतलं. साठ पावसाळ्यांचं पाणी प्यायलंय गं हे. तू एका सकाळीत ओकायला लावत होतीस."

कुंभारणीने त्या लाकडावर तळवा ठेवला. तळवा ओला झाला. तिला वाटलं, आपण देवळात चपला घालून शिरलो होतो. तिने नकळत हात जोडले.

"मग हे लाकूड घेण्यासारखं होतं की नव्हतं, आत्या?"

"घेणारीच्या हातात किती बळ आहे आणि तिच्यापाशी किती दिवस आहेत, त्यावर आहे ते. उद्याच चूल पेटवायची असेल, तर फुकट मिळालं तरी महाग. फोडून, वारा देऊन, थांबणार असशील, तर याच्याइतकं स्वस्त काही नाही."

त्या दिवसापासून कुंभारीण सकाळी लाकूड फोडायची आणि दुपारी चाकावर बसून नवे रांजण घडवायची. फोडलेलं लाकूड तिने टेकाडावर, वाऱ्याच्या तोंडाशी, मधे फटी ठेवून रचलं. पौष गेला, माघ गेला. साली सुटून पडू लागल्या. ढलप्यांच्या टोकांना चिरा गेल्या, मधून निघून काठाकडे धावणाऱ्या, जणू लाकडात लहान लहान सूर्य उगवले होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गावकरी तिच्या अंगणात जमले. ऊन तापू लागलं होतं. वीस रांजण ओळीने उभे होते, कच्चे.

"पोरी, पाडवा उद्यावर आला," पाटील म्हणाले. "भट्टी लाव. शब्द दिलायस तू."

कुंभारणीने रचलेल्या लाकडांतल्या दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटल्या. आवाज खणखणीत आला. मग तिने गाठीच्या लाकडाच्या दोन ढलप्या काढून आपटल्या. त्यांचा आवाज अजून दबका होता. तिने आचारणीकडे पाहिलं. आचारीण मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

शब्द चुकला तर गावभर हसं होणार होतं. शब्द पाळायला भट्टी लावली, तर रांजण गळणार होते आणि माळ पुन्हा कोरडा राहणार होता.

"अजून आठ दिवस," कुंभारीण म्हणाली. "माझा शब्द चुकला, मी कबूल करते. पण कच्चा रांजण मी वाटेवर ठेवणार नाही."

"आणि या आठ दिवसांत कोणी पडलं तर?" पाटलांनी विचारलं.

ती आत गेली, डोक्यावर हंडा घेऊन बाहेर आली आणि माळाच्या वाटेला लागली.

पाडव्याच्या दिवशीही ती भर उन्हात हंडा घेऊन वाटेवर उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या पलीकडे, पाव कोसावर, आणखी एक हंडा उभा राहिला. तो आचारणीचा होता. चौथ्या दिवशी पाटलांची सून आली. आठव्या दिवशी माळावर वीस हंडे होते, आणि त्या आठ दिवसांत कोणीही पडलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिने ढलप्या आपटल्या. गाठीचं लाकूडही देवळातल्या घंटेसारखं वाजलं. तिने भट्टी लावली. धूर जेमतेम एक रेघ. जाळ असा उठला, की जमलेले लोक न सांगता मागे सरले. पहिल्यांदा तीन गाड्या कमी पडल्या होत्या, या वेळी दोनच पुरल्या. भट्टीच्या भोकातून रांजण दिसत होते, आधी तांबडे, मग उगवत्या सूर्याच्या रंगाचे. आणि सर्वांत शेवटपर्यंत, सर्वांत स्थिर, जळत राहिलं ते त्या वाकड्या ओंडक्याचं लाकूड.

भट्टी निवल्यावर तिने पहिल्या रांजणावर टिचकी मारली. तो खणखणला. पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत तळाखाली एक थेंबही गळला नव्हता.

"साठ पावसाळ्यांचं पाणी त्या लाकडाने सोडलं," आचारीण म्हणाली, "तेव्हा कुठे यात रांजणभर पाणी राहिलं."

त्याच आठवड्यात वीसही रांजण माळावर दर पाव कोसाला उभे राहिले आणि गावाने ते भरले. पुढच्या दिवाळीत कुंभारीण पुन्हा नदीकाठी गेली. तोच लाकूडतोड्या, तशाच ओल्या गाड्या. ती ढिगाला वळसा घालून गेली आणि तळातला, सर्वांत वेडावाकडा ओंडका ओढून तिने बाहेर काढला.

लाकूडतोड्याने कपाळाला हात लावला. "बाई, आता तुम्हाला फसवता येणार नाही."

"तुम्ही मला तेव्हाही फसवलं नव्हतं," ती म्हणाली. तिने ओंडक्याला हात जोडले आणि मगच पाचर ठोकली.

तात्पर्य एवढंच: कच्च्या वस्तूचं मोल तिच्या रूपावरून करू नये. तिला पक्कं करायचे कष्ट आणि तेवढी वाट पाहायचा धीर आपल्यापाशी आहे का, हे आधी आपल्यालाच विचारावं.