हरलेल्याचे अक्षर

वडजाई गावच्या आखाड्यामागे काळ्या दगडाची एक भिंत आहे. तिच्यावर पैलवानांची नावे आहेत आणि त्यांतले प्रत्येक अक्षर सुटे आहे. एरवी चाहत्यांच्या वह्यांवर झोकात, एका फटक्यात सही ठोकणारे पैलवानही इथे पहिलीतल्या मुलांसारखे एकेक अक्षर काढतात. असे का, ते आखाड्यालगतच्या देवळाचे गुरव दगडूमामा पाहुण्यांना सांगतात.

फार पूर्वी वडजाई आणि शेजारची कारंडेवाडी यांच्यात ओढ्याच्या पाण्यावरून तंटा पेटला होता. पहिले पाणी कोणाचे, ते कुस्तीने ठरवायचे झाले. वडजाईकडून पाटलाचा पुतण्या सिदोजी उतरला, कारंडेवाडीकडून हैबती. दोन घटका झुंज चालली म्हणे. अखेर दोघे एकदमच कोसळले, आणि उडालेल्या धुळीत पाठ कोणाची लागली ते पंचांना दिसलेच नाही. सिदोजीला मात्र ठाऊक होते. दोन्ही खांद्यांना गार माती लागली होती.

पंच म्हणाले, "पैलवानांनीच काय खरं ते लिहून द्यावं."

हैबतीला लिहिता येत नव्हते. त्याने सांगितले ते पाटलाच्या कारकुनाने मोडीत, बोरू न उचलता सरसर उतरवले आणि त्याचा अंगठा घेतला. मग वाचले, "मी हैबती, हार कबूल करतो."

"मी असं बोललोच न्हाई!" हैबती गरजला.

कारंडेवाडीच्या कुऱ्हाडी वर झाल्या, वडजाईच्या काठ्या पुढे सरकल्या. कागद हातोहात फिरला, पण ते जोडलिखाण कोणालाच लागेना.

पाटलाने बोरू पुतण्याच्या हाती दिला. "सही कर, सिदू. गावाचं पाणी हाय."

खरे लिहावे तर आपलेच गाव तहानणार; खोटे लिहावे तर इथेच मुडदे पडणार. त्याने बोरू खाली ठेवला, देवळापुढच्या धुनीतली पांढरी राख ओल्या बोटावर घेतली आणि आखाड्यामागच्या भिंतीवर पोथीतल्यासारखी ठळक, सुटी अक्षरे काढू लागला. चाचरत पोथी वाचणारे दोन्ही गावांत होते. ते मोठ्याने वाचू लागले.

"सि... दो... जी..."

पुढचे अक्षर उमटेपर्यंत कुऱ्हाडी वरच होत्या.

"पाठ... माझी... लागली."

कुऱ्हाडी खाली आल्या. पाटलाने मात्र पुतण्याला दार बंद केले.

"चल," हैबती म्हणाला, "आजपास्नं तुझं ताट आमच्यात."

सिदोजी पुढे कारंडेवाडीतच राहिला आणि हैबतीला त्यानेच अक्षरे शिकवली, असे सांगतात.

आजही कुस्ती निकाली झाली की हरलेला पैलवान आधी भिंतीपाशी जातो. तो आपल्या नावाचे एकेक अक्षर काढतो, लोक ते मोठ्याने वाचतात. आणि शेवटचे अक्षर वाचून होईतो जिंकलेल्याला कोणी खांद्यावर घेत नाही.