जावांच्या विहिरीची खिडकी

मांडवपाड्याच्या चर्चमागून वाड्यांकडे जाणारी पायवाट धरली, की केळीच्या दोन बागांच्या मधोमध एक विहीर लागते. वसईकडच्या माणसाला विहिरीचं अप्रूप नाही, पण या विहिरीपाशी नवखा माणूस थबकतोच. तिच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत दगडी तुळई टाकून वर भिंत बांधली आहे, चांगली पुरुषभर उंचीची. अर्धी विहीर अलीकडे, अर्धी पलीकडे. आणि त्या भिंतीला काठापासून हातभर आत, थेट पाण्यावर, एक वेडंवाकडं भोक आहे. भिंतीची डागडुजी आजवर कितीदा तरी झाली, चुना जाऊन सिमेंट आलं, पण भोक कुणी बुजवलं नाही. गाव त्याला खिडकी म्हणतो आणि विहिरीला जावांची विहीर.

चर्चची घंटा वाजवणारे सिमाव आजोबा पाहुण्यांना इथे आणतात. "भिंतीला टेकू नका," एवढं बजावतात आणि मग सांगायला लागतात.

आगगाडी अजून खाडी ओलांडून इकडे आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट म्हणे. वाडी तेव्हा एकच होती आणि जुस्तीन नावाच्या विधवेचे दोन मुलगे ती कसत होते. थोरला कैतान, धाकटा बावतीस. आसपासच्या सगळ्या विहिरींना समुद्राचा खारटपणा, गोडं पाणी तेवढं यांच्याच विहिरीला. म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, पाद्री बारा जणांचे पाय धुतात, त्यासाठीचं पाणी याच विहिरीतून जायचं. पाण्याची कळशी जुस्तीन स्वतः डोक्यावरून न्यायची आणि त्या बारा जणांत तिचे दोन्ही मुलगे बसायचे. घराचा सगळा मान त्या एका कळशीत होता.

मग वाटण्या झाल्या. जमीन वाटली, भांडी वाटली, म्हशी वाटल्या. विहीर वाटता येईना. रहाट थोरल्याच्या बाजूला होता, म्हणून थोरल्याच्या केळी आधी भिजायच्या आणि धाकट्याच्या पाटात उरलंसुरलं पाणी यायचं. पुरुष यावर धुसफुसत होते, पण तोंडं उघडली ती बायकांची.

धाकट्याची बायको रेमेत खाडीकाठच्या गावची. अंगाने काटक, जिभेने त्याहून. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ तोंडावर आला होता, आंबे मोहरले होते, वाडीच्या कुंपणावरचा पांगारा लाल झाला होता. अशा एका सकाळी ती विहिरीवर गेली, तर थोरली जाऊ इग्नेस रहाटाच्या पन्हळीखाली आपली सगळी भांडी ओळीने मांडून बसलेली.

"वयनी, माझी एक कळशी भरू दे. चुलीवर भात आहे."

"भरशील की. घाई कसली?" इग्नेस मान वर न करता म्हणाली. "खाडीचं खारं पाणी पिऊन वाढलीस तू. गोड्या पाण्यावाचून तुझा काही जीव जात नाही."

माहेरावरून बोललेलं रेमेतला कधीच सोसलं नव्हतं. "खारं पिऊन वाढले, पण माझ्या पोटचं जगलं," ती म्हणाली. "तू गोडं पिऊन काय केलंस?"

इग्नेसची दोन मुलं बारशाआधी गेली होती. हे बोलू नये, हे रेमेतला बोलता बोलताच कळलं होतं, असं सांगतात. पण शब्द गेला तो गेला. इग्नेसने भरलेली घागर उचलून तिच्या पायाशी आपटली आणि रडत घरात गेली.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचा अबोला. कैतान म्हणाला, त्या बाईचं तोंड माझ्या बायकोला दिसता कामा नये. बावतीस म्हणाला, मलाही तुझं बघायची हौस नाही. गवंडी आला, तुळई आली. दोघा भावांचं त्या साली एकाच गोष्टीत एकमत झालं, ते या भिंतीबाबत. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी दोघे कपाळावर राख लावून घेऊन आले आणि त्याच दुपारी भिंतीचा शेवटचा दगड बसवला. खाली पाणी एकच होतं, पण ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

जुस्तीन ओटीवरून सगळं बघत होती. ती मायाळू म्हातारी होती असं कुणी सांगत नाही. कडक होती, मनात धरून ठेवणारी होती. गवंडी हात धुवायला लागला तेव्हा ती उठून विहिरीपाशी आली आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या विहिरीचं पाणी दोघी सुनांनी मिळून माझ्या हातात दिलं, तरच ते माझ्या घशाखाली उतरेल. नाहीतर नाही. देवळावरच्या क्रुसाची शपथ."

रेमेतने भिंतीअलीकडून ते ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शपथ घालायची होती तर मुलांना घालायची. दगड काय सुनांनी रचले?

दुसऱ्या दिवसापासून जुस्तीन डोक्यावर मडकं घेऊन खाडीकडच्या विहिरीवर जायला लागली. ते पाणी गुरंसुद्धा नाइलाजाने प्यायची. म्हातारी त्यातच पेज शिजवायची आणि तेच प्यायची. येता-जाता बाया विचारायच्या आणि ती उत्तर द्यायची नाही, त्यामुळे उत्तर ज्याचं त्याने करून घेतलं. "धाकटीच्या जिभेने भिंत उठली आणि सासू खाऱ्या पाण्याला लागली," हे रेमेतने चर्चच्या पायऱ्यांवर आपल्या कानांनी ऐकलं. इग्नेसचं नाव कुणी घेत नव्हतं. तिची मुलं गेली होती, तिला सगळं माफ होतं.

रेमेतने एकदा गोड्या पाण्याचा तांब्या सासूपुढे नेऊन ठेवला.

"थोरलीचा हात लागलाय याला?" जुस्तीनने विचारलं.

"नाही."

"मग गुरांना घाल."

रेमेतने तिच्यासमोरच तो तांब्या अळवाच्या मुळाशी ओतला.

उपासकाळ सरत आला तशी म्हातारी सुकत गेली. ओठांना भेगा पडल्या, पाय सुजले. दर संध्याकाळी दोन्ही घरांत जपमाळेची प्रार्थना व्हायची. भिंतीच्या त्या बाजूने कैतानचा आवाज, या बाजूने बावतीसचा, आणि दोघंही आईच्या प्रकृतीसाठी एक जादा 'नमो मरिया' म्हणायचे. उठून भिंतीपलीकडे जायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

पवित्र गुरुवार उजाडला. पाय धुण्याचा विधी तेव्हा सकाळीच असायचा. पाण्याचा मान कुणाचा, हे ठरलंच नव्हतं, त्यामुळे वेदीपाशी दोन कळशा आल्या. पाद्री त्या गावात नवे. त्यांना वाटलं, लोकांची भक्ती दांडगी आहे. त्यांनी दोन्ही कळशा एकाच घंगाळात ओतल्या.

बाराही जण बाकावर पाय मोकळे करून बसले होते. पाद्री गुडघे टेकून कैतानपाशी आले, तसा त्याने पाय आखडून घेतला.

"काय झालं?"

"फादर, यात त्याचं पाणी मिसळलंय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बावतीस उठला. "याचं पाणी माझ्या पायाला लागण्यापेक्षा मीच जातो," म्हणाला, आणि धोतर झटकून चालता झाला. मागे कुणीतरी फसकन हसलं. कुणी म्हणालं, "एकाच विहिरीचं ना रे ते?" मग हसू सगळ्या देवळात पसरलं.

जुस्तीन बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती. ती काही बोलायला उठली आणि उभीच्या उभी जमिनीवर कोसळली.

तिला घरी आणून ओटीवर निजवलं. झाडपाल्याचं औषध देणारी एक बाई होती, तिने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाली, "मिठाने आतून जळली आहे. गोडं पाणी गेलं तर वाचेल. नाही गेलं तर ईस्टर बघत नाही." पाद्रींनी चमच्याने पाणी द्यायला पाहिलं. म्हातारीने दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटलं. शुद्ध होती तिला, चांगली होती.

ओटीखाली बाया जमल्या होत्या. रेमेत खांबाला धरून उभी होती आणि एकेकीची नजर तिच्यावर येऊन टेकत होती. म्हातारी गेली तर काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. भाऊ भांडतील, दोन वर्षांत विसरतील. इग्नेस रडेल, तिला बाया पदराखाली घेतील. आणि सासूला तहानेने मारणारी म्हणून आपलं नाव या गावात राहील, आपल्या लेकीच्या लग्नात निघेल, नातवंडांच्या कानावर जाईल.

तिला दया आली, असं सिमाव आजोबा सांगत नाहीत. देवदूताने भिंतीला बोट लावलं, असं सांगणारे आहेत. पण जुनी माणसं म्हणतात, रेमेतला राग आला. वळसा घालून थोरलीच्या दारात जायला ती तयार नव्हती. ती घरात गेली, नारळ सोलायची पहार उचलली आणि भर दुपारी विहिरीवर जाऊन भिंतीत घातली.

काठावरचे दगड मोठे होते, ते हलेनात. म्हणून ती काठावरून वाकून, विहिरीवरच्या लहान दगडांवर पहार मारू लागली. आवाज ऐकून पलीकडे इग्नेस धावत आली.

"कोण ते? विहीर गिळायची आहे का सगळी?"

"विहीर घाल चुलीत. पाणी काढ."

"तू सांगणार मला?"

"मी नाही सांगत. ती सांगते, ओटीवर पडलीय ती. तुझा हात पाहिजे आहे तिला." रेमेतने आणखी एक घाव घातला. "तुला यायचं नसेल तर नको येऊ. पण मी वर जाऊन सगळ्यांना सांगेन, मी भिंत फोडली आणि थोरलीने पाणी दिलं नाही. मग बघू तुला किती दिवस पदराखाली घेतात."

 मग इग्नेस म्हणाली, "माझ्या मुलांवरून बोललीस तू."

रेमेतचा हात थांबला. माफी तिच्या तोंडाशी आली होती म्हणे. पण तिने आयुष्यात कुणाची मागितली नव्हती, ती कशी मागतात तेच तिला कळेना. तिने पुन्हा पहार मारली. दगड निखळून खाली पाण्यात पडला, आणखी दोन त्यामागून गेले. भोकातून उजेड आला.

इग्नेसने कळशी भरली आणि भोकात घातली. भोक ओबडधोबड होतं, कळशी तिरकी केल्याशिवाय जाईना. भरलेली, जड, खाली खोल पाणी. इग्नेसने पोटाकडून धरलेली, रेमेतने गळ्याकडून. एकीने सोडली आणि दुसरीची पकड नसली, तर कळशी गेलीच. आणि कळशीबरोबर वाकलेली बाईसुद्धा. दोघींच्या बोटांना दगड खरचटत होते. आपण सोडावी आणि ही जावी तळाला, असं दोघींच्याही मनात आलं असेल. तेवढा वेळ कुणी सोडली नाही.

"धरलीस?" इग्नेसने विचारलं.

रेमेतने कळशी फक्त आपल्याकडे ओढली.

ओटीवर बाया बाजूला झाल्या. रेमेतने सासूच्या उशाशी कळशी टेकवली.

"कुणी काढलं?" जुस्तीनचा आवाज पानासारखा वाळला होता.

"वयनीने."

"आणलं कुणी?"

"मी."

"बोललात एकमेकींशी?"

रेमेतला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "भांडलो."

म्हातारी छताकडे बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही तोंड फिरवणार. मग ती म्हणाली, "बोला असं मी कुठे म्हटलं होतं?" आणि ओंजळ पुढे केली.

जुस्तीन त्या ईस्टरला उठून बसली आणि पुढे बरीच वर्षं जगली. सुनांना टोचून बोलायचं तिने सोडलं नाही. भाऊ शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. भिंत त्यांनी पाडली नाही, भोक मात्र बुजवायला गवंडी आला तेव्हा दोघी जावा आपापल्या बाजूने कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि गवंडी तसाच परत गेला, असं सांगतात. त्यांच्यात गोडी झाली का, हे कुणाला ठाऊक नाही. रेमेतने शेवटी माफी मागितली का, तेही नाही.

पाद्री मात्र शहाणे झाले होते. पुढच्या वर्षी त्यांनी वेदीवरून सांगितलं, पाय धुण्याचं पाणी या खिडकीतून आलेलं असेल तरच मी हात लावीन. आणि ते देणाऱ्या-घेणाऱ्या दोघी मैत्रिणी असतील, तर मला ते नको.

आजही मांडवपाड्यात ती रीत चालू आहे. घरोघरी नळ आले, वाड्यांत पाण्याच्या मोटारी बसल्या, केळी कमी झाल्या आणि बंगले वाढले. पण पवित्र गुरुवारी ज्या दोन घरांत त्या साली अबोला असेल, त्या घरांतल्या दोन बाया विहिरीवर जातात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. अशी जोडी मिळाली नाही, असं एकही वर्ष गेलेलं नाही, असं सिमाव आजोबा सांगतात. त्यांना समेट करायला कुणी सांगत नाही. काठावर उभं राहून गाव फक्त बघतो. नंतर काहीजणी बोलायला लागतात, काहीजणी पुढच्या वर्षी पुन्हा येतात. पण कळशी खिडकीत तिरकी अडकते आणि खाली खोल पाणी दिसतं, तेव्हा आजही पलीकडचीने घट्ट धरली आहे याची खात्री झाल्याशिवाय अलीकडची हात सोडत नाही.