यमूच्या परसातला चोर

डोंगराच्या कुशीत, सकाळचं ऊन जिथे सगळ्यात शेवटी पोचायचं, तिथे एक इवलंसं घर होतं. घर इवलं, पण संशय मोठा. आई रखमा पिठाच्या डब्यात पिठावर बोटाने एक फूल काढून ठेवायची. कुणी हात घातला तर फूल मोडायचं आणि तिला कळायचं. बाबा, म्हणजे भिवाजी, दिवसभर दोर वळायचे आणि उरलेला दोर उशाखाली घेऊन निजायचे. गरिबी त्या घरात आली तेव्हा एकटी आलीच नव्हती. पाठोपाठ संशय आला होता आणि चुलीजवळची उबदार जागा धरून बसला होता.

त्या घरात चिमुकली यमू राहायची. अर्ध्या भाकरीतला तुकडा चिमण्यांना घालायची आणि त्याबद्दल बोलणी खायची.

एके दिवशी फडताळातल्या मडक्यातला गूळ कमी दिसला.

"गुळाला काही पाय फुटत नाहीत," रखमा म्हणाली. "दिवसभर घरात कोण असतं?"

दिवसभर घरात आजोबाच असायचे. आप्पा म्हणायचे त्यांना सगळे. भिवाजी नुसते आप्पांकडे बघत राहिले. तेवढं पुरलं.

"नदीचं पाणी उतरलं की मी बहिणीकडे जातो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

यमू पाण्याचा तांब्या घेऊन परसात गेली आणि एका दगडावर बसून मुसमुसू लागली. आप्पा गेले तर तिला मांडीवर कोण घेणार? इतक्यात दगडांच्या फटीत काहीतरी पिवळं फडफडलं. फुलपाखरू असावं, पंख अगदी सुकलेले. यमूने तांब्यातलं उरलंसुरलं पाणी त्याच्यावर थेंब थेंब टाकलं.

आणि काय! पंख उलगडले, निळे, हिरवे, झिरमिर चमकणारे. हळदीच्या रंगाचं लुगडं नेसलेली, नाकात दवबिंदूची नथ घातलेली एक इवलीशी परी दगडावर उभी राहिली.

यमूने आधी तिचे पाय पाहिले.

"सुलटे आहेत गं," परी हसली. "हडळ नव्हे मी."

"पण चिखलाने भरलेत. परीचे पाय असे असतात?"

"बागेतल्या परीचे असतात. हात पुढे कर." परीने तिच्या तळहातावर एक बी ठेवलं. "हे लाव. पहिला भोपळा धरला की मी येईन आणि तुझी एक इच्छा पुरी करीन."

"फुकट?" यमूने विचारलं. तीही त्याच घरातली ना!

"नियम आहेत. मी येईन तेव्हा घरातल्या प्रत्येकाचे हात मातीने माखलेले हवेत. आणि तोवर या परसात कुणी 'चोर' म्हटलं, की वेलही गेला, इच्छाही गेली."

"मग गेलीच म्हणायची," यमू हळूच म्हणाली. "आमच्याकडे तो शब्द मिठापेक्षा जास्त लागतो."

घरी तिने सगळं सांगितलं.

"आणि त्या परीला यात काय मिळणार?" भिवाजींनी डोळे बारीक केले. "आज बी देईल, उद्या घर मागेल."

"मी नाही बाई माती उपसणार," रखमा म्हणाली. यमूने फार गयावया केली, तेव्हा परसात तो शब्द उच्चारायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांनी कबूल केलं.

यमूने एकटीनेच दगड वेचले, बी लावलं, पाणी घातलं. वेल भराभरा वाढला. त्याला सोन्याच्या वाट्यांसारखी फुलं लागली. पण रोज फुलायची आणि रोज खाली गळून पडलेली दिसायची. भोपळा म्हणून धरेना. नदी तर उतरत चालली होती.

आता घरात कुजबुज सुरू झाली. फुलं तोडतं कोण? दुसऱ्या दिवशी भिवाजी दोर वळायला परसात येऊन बसले. खरं तर त्यांना रखमावर नजर ठेवायची होती. रखमा धान्य पाखडायला तिथेच आली, भिवाजींवर नजर ठेवायला. आप्पा दगडावर टेकले, दोघांवर नजर ठेवायला. आणि यमू? तिला परीचाच संशय येत होता.

पण नुसतं बघत किती वेळ बसणार? रखमाला डोळ्यासमोरचं गवत बघवेना. ती ते उपटू लागली.

"अहो, वेल जमिनीवर लोळतोय. तेवढा उशाखालचा दोर आणा की!"

"माझ्या उशाखाली काय असतं ते तुला कसं ठाऊक?" भिवाजी गुरगुरले, पण दोर घेऊन आले. खड्डे खणून त्यांनी मांडवासाठी मेढी रोवल्या.

"वाकडी रोवलीस, भिवा."

"मग या ना आप्पा, धरा!"

आप्पांनी धरली. तीही वाकडीच झाली. रखमा पदर तोंडाला लावून खुदकन हसली. त्या परसात हसू असं पहिल्यांदाच आलं होतं. दोर ताणून वाकडातिकडा मांडव झाला आणि वेल त्यावर चढवला.

तेवढ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एक फूल आपोआप देठासकट सुटलं आणि अलगद आप्पांच्या पागोट्यावर पडलं.

"चो..." भिवाजींच्या तोंडातून निघालंच होतं. यमूने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हात काढला तर भिवाजींना चिखलाच्या झुबकेदार मिशा!

आप्पा पोट धरून हसले. मग म्हणाले, "अरे, आधीची फुलं अशी गळायचीच. ज्या फुलाच्या बुडाशी बाळभोपळा असतो, ते नंतर येतं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही, मामंजी?"

"मला कुणी विचारलं, सूनबाई?"

फुलं कुणीच तोडली नव्हती. रखमा तशीच उठली, आत गेली आणि फडताळातलं मडकं उचलून पाहिलं. मडक्याचं बूड चिकट, काळंभोर, आणि खाली मुंग्यांची रांग. ओलसर हवेत गूळ पाझरून गेला होता.

ती बाहेर आली ती आप्पांचं गाठोडं घेऊन. तिने ते सोडलं आणि त्यातली धोतरं मातकट हातांनीच कुंपणावर वाळत घातली. आप्पांनी बोटांच्या चिखलठशांकडे पाहिलं आणि डोळे पुसले. गालही मातीचे झाले.

"बाळभोपळा!" यमू ओरडली. मांडवावर, पानाआड, बोटाएवढा हिरवागार भोपळा फुलाची टोपी घालून बसला होता.

झिरमिर झिरमिर उजेड झाला. परी मांडवावर उतरली. तिने आठही हात पाहिले. सगळे माखलेले.

"माग, यमू."

यमूला मागायचं होतं की आप्पा जाऊ नयेत. पण धोतरं तर वाळत होती! तिने परीकडे निरखून पाहिलं. "आधी सांग, तुला यात काय मिळालं?"

"मला बसायला मांडव मिळाला," परी म्हणाली.

यमूला ते पटलं. तिने आईकडे, बाबांकडे, आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग या बागेतलं काम कधीच पुरं संपू नये. रोज थोडंसं उरावं. चौघांना पुरेल एवढं."

परी खळखळून हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, निळा, हिरवा प्रकाश सांडला, पानापानांवर पसरला, आणि त्या प्रकाशात ती विरघळून गेली.

पुढे भोपळा घागरीएवढा झाला. रखमाने उरलेला गूळ घालून घारगे तळले आणि ताट मधोमध ठेवलं. पिठावर ती आता फूल काढत नाही. आणि बागेत संध्याकाळी कितीही गवत उपटलं, तरी सकाळी एक हिरवं पातं डोकं वर काढून वाट बघत असतंच.